बीपासून कमळ : टबातल्या प्रकल्पाच्या नोंदी

१ मार्च

यंदा कंद आणायचा नाही, बीपासूनच कमळ वाढवायचं असं ठरवलं. दोन वाटांत फरक मोठा आहे. कंद लावला की ज्या वाणाचा कंद त्याच वाणाचं फूल, आणि बरेचदा पहिल्याच हंगामात. बीला असं काही बंधन नाही. कमळात परपरागीभवन सर्रास होतं, त्यामुळे भरगच्च गुलाबी फुलाच्या बीतून एकेरी पांढरं फूल निघालं तरी तक्रार करायला जागा नाही. एखादं ठरावीक वाणच हवं असेल त्याने बीच्या फंदात पडूच नये.

निळ्या कमळाच्या बियांच्या जाहिराती दिसतात, त्या सरळ सोडून दिल्या. नेलुम्बो या प्रजातीत दोनच जाती आहेत : आशियात आणि उत्तर ऑस्ट्रेलियात वाढणारं पांढरं-गुलाबी नेलुम्बो न्यूसिफेरा आणि अमेरिकेतलं पिवळं नेलुम्बो ल्युटिया. निळा रंग दोघांतही नाही. निळं म्हणून जे दाखवतात ते निम्फिया, म्हणजे कुमुदिनी. तिच्या पानाला देठापर्यंत चीर असते आणि बी अगदी बारीक. कमळाचं पान अखंड गोल, देठ बरोबर मध्यावर. दोघी एकाच पाण्यात राहतात म्हणून नातेवाईक समजल्या जायच्या. आता वनस्पतिशास्त्रज्ञ कमळाला चिनार वृक्षाच्या गणात बसवतात.

बिया निवडताना दोनच गोष्टी पाहिल्या. एक, कवच काळपट आणि दगडासारखं कडक हवं. दोन, पाण्यात टाकल्यावर बी बुडायला हवी. तरंगणाऱ्या बाजूला काढल्या, कारण आतला गर सुकून पोकळी झालेली असते. खाण्यासाठी सोलून मिळणारी बी इथे उपयोगाची नाही. तिच्यातला हिरवा कोंब बहुतेक वेळा आधीच काढलेला असतो.

२ मार्च

घासण्याचं काम. सगळ्या प्रकल्पात हातांना खरी मेहनत इथेच आहे.

बी अंदाजे दीड सेंटिमीटर लांब. एका टोकाला बारीक बोंडी असते, दुसऱ्या टोकाला किंचित खळगा. घासायचं ते खळग्याच्या टोकाला. पॉलिश पेपरवर सुरुवात केली, पण बोटांच्या टोकांची सालं निघायची वेळ आली. मग बी पक्कडीत धरली आणि कानस चालवली. आधी काळा भुगा पडतो, मग तपकिरी, आणि एका क्षणी घासलेल्या जागी सायीच्या रंगाचा ठिपका दिसतो. तिथे थांबायचं. ठिपका मुगाच्या दाण्याएवढा झाला की पुरे, त्यापुढे गेलं की गर खरवडला जातो आणि बी पाण्यात कुजते. काही जण हातोडीने टिचकी मारून कवच फोडतात. वेळ वाचतो खरा, पण तडा कुठे जाईल यावर आपला ताबा नसतो, म्हणून मला ती रीत पसंत नाही.

थोड्या बिया मुद्दाम न घासता बाजूच्या बरणीत टाकल्या आहेत, तुलनेसाठी.

कवचातल्या पेशी इतक्या दाटीने उभ्या रचलेल्या असतात की पाणी आत शिरत नाही, हवाही नाही. त्यामुळेच कमळाची बी वर्षानुवर्षं नुसती पडून राहू शकते. जपानमध्ये चिबा इथल्या गाळात १९५१ साली वनस्पतिशास्त्रज्ञ इचिरो ओगा यांना तीन जुन्या बिया सापडल्या, त्यातल्या एकीचं रोप १९५२ मध्ये फुललं. ती बी दोन हजार वर्षांपूर्वीची मानली जाते, पण तो अंदाज जागेवरून आणि आजूबाजूच्या वस्तूंवरून बांधलेला. मला चीनमधला दाखला जास्त पटतो. लिआओनिंग प्रांतातल्या जुन्या तळ्याच्या गाळातली बी संशोधक जेन शेन-मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवली, आणि त्याच बीच्या कवचाचं कार्बन वयमापन केलं. वय निघालं सुमारे १३०० वर्षं. हे काम १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं. बिघडलेली प्रथिनं दुरुस्त करणारं एक विकर (एन्झाइम) त्या म्हाताऱ्या बीत अजून काम करत होतं, असंही त्यांना आढळलं.

बिया काचेच्या बरणीत, कोमट पाण्यात, खिडकीशी ठेवल्या. पाणी २५ ते ३० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिलं पाहिजे. गार पाण्यात बी रुजायच्या आधी सडायलाच जास्त राजी असते.

३ मार्च

घासलेल्या बिया फुगून जवळजवळ दुप्पट झाल्या. कवच ओलं, चामड्यासारखं मऊ लागतंय. न घासलेल्या जशाच्या तशा, काळ्या आणि टणक.

पाणी पिवळसर गढूळ झालं होतं, बदललं. यापुढे रोज बदलायचं. एका बीभोवती पांढरा बुळबुळीत थर आणि घाण वास, ती फेकली. अशी एक जरी बरणीत राहिली तरी शेजारणींना बाधते.

८ मार्च

कोंब दिसले. घासलेल्या टोकाशी कवच फाटतं, आतल्या दोन जाड पांढऱ्या डाळिंब्या फाकतात आणि मधून हिरवा आकडा बाहेर डोकावतो. फिकट पिवळा वगैरे नाही, चांगला गडद हिरवा. बंद कवचाच्या काळोखात असतानाच हा कोंब हिरवा असतो. खाण्याची बी सोलणारे जो कडू भाग काढून टाकतात तो हाच. लिएन्सिनीन आणि नेफेरीन या अल्कलॉइडांमुळे तो कडू लागतो.

भिंग लावून पाहिलं. आकडा म्हणजे दुमडलेला देठ, आणि त्याच्या शेंड्याला पहिलं पान दोन्ही कडांनी आत गुंडाळलेलं, सुईसारखं अणकुचीदार. सकाळी आकडा होता, संध्याकाळपर्यंत अर्धा सरळ झाला.

मुळं कुठेच नाहीत. नवख्या माणसाला इथे धास्ती वाटते आणि तो बी मातीत खुपसायला धावतो. कमळाचं आदिमूळ वाढतच नाही. मुळं फुटतात ती पुढे, खोडाच्या पेरांपाशी. तोवर रोप डाळिंब्यांतल्या शिदोरीवर जगतं आणि त्याला आपल्याकडून ऊब, उजेड आणि स्वच्छ पाणी एवढंच हवं असतं.

१३ मार्च

पहिली पानं पृष्ठभागावर पोहोचून उलगडली, चार-पाच सेंटिमीटर व्यासाची, तरंगती. देठ दोऱ्याएवढे बारीक. पाणी जितकं खोल तितका देठ लांबतो, म्हणून बरणीतून काढून रोपं रुंद पसरट भांड्यात हलवली, पाणी दहा सेंटिमीटरच्या आत. उगाच खोल पाण्यात ठेवून शिदोरी देठ लांबवण्यात कशाला खर्चायची?

हलवताना बीला धरायचं, देठाला नाही. देठ तुटला की ते पान गेलंच.

२१ मार्च

तिसरं पान येतंय आणि पेरापाशी मुळांचा झुबका फुटला आहे, पांढरी, तीन-चार सेंटिमीटर लांब. आता माती.

टब गोल, तळाला भोक नसलेले, अर्धा मीटर व्यासाचे. गोल यासाठी की पुढे जमिनीखालचं खोड धावू लागलं की कडेकडेने फिरत राहतं. चौकोनी टबात कोपऱ्यात त्याचं टोक अडतं, मुडपतं आणि वाढ तिथेच खुंटते. भोक नको, कारण खोड भोकातूनही बाहेर पडतं.

माती चिकण, गाळाची. कुंड्यांसाठी मिळणारं तयार मिश्रण अजिबात नको. त्यातला नारळाचा भुसा आणि पालापाचोळा वर तरंगतो, खाली उरतो तो कुजून पाणी नासवतो. एका टबात तुलनेसाठी चिकणमातीत तिसरा हिस्सा वाळू मिसळली आहे. माती पंधरा सेंटिमीटर, वर पाणी सात-आठ सेंटिमीटर, आणि माती पूर्ण बसून पाणी निवळल्यावरच रोप.

बी हलकी, सारखी वर येते. तिच्याभोवती ओल्या मातीचा गोळा लपेटला, मुळं गोळ्याच्या खाली मोकळी सोडली आणि गोळा हलकेच चिखलात दाबला. पानं तरंगती राहिली. टब भर उन्हात ठेवले. दिवसाला सहा तास तरी थेट ऊन नसेल तर पानं येतात, फूल येत नाही.

न घासलेल्या बिया अजून बरणीच्या तळाशी तशाच आहेत.

२९ मार्च

विशेष काही नाही. आटलेलं पाणी भरलं.

१० एप्रिल

शेवाळ. तंतूंसारखं, हिरवं, आणि कोवळ्या पानांच्या देठांना वेढे घालणारं. काडीला गुंडाळून काढता येतं, पण ओढायचं नाही. आधी बोटांनी देठ मोकळा करायचा. मोरचूद टाकला की शेवाळ मरतं, असा सल्ला सगळीकडे मिळतो. तांबं शेवाळाला मारतं तसंच एवढ्याशा रोपालाही बाधतं आणि माशांनाही. पानांनी पाण्यावर सावली धरली की शेवाळ आपोआप मागे हटेल, तोवर काडी बरी.

डासांच्या अळ्या दिसल्यावर प्रत्येक टबात गप्पी मासे सोडले. मोठे मासे नकोत, ते माती उकरतात आणि कोवळी पानं कुरतडतात.

खताबद्दल. एका टबात दाणेदार खताची चिमूट मातीत खोचून पाहिली, बाकीच्यांत काहीच नाही. लवकर दिलेलं खत काय करतं ते शेजारी शेजारी बघायचं होतं. खत दिलेल्या टबातली पानं कडेने तपकिरी पडली आणि नवीन पान पिवळट उलगडलं. बिनखताची रोपं लहान आहेत, पण निरोगी हिरवी. शिदोरी शिल्लक असेपर्यंत बाहेरचं खत म्हणजे त्रासच. हवेत उभं राहणारं पहिलं पान येईपर्यंत बाकीच्यांना काही देणार नाही.

४ मे

पहिलं उभं पान.

तरंगत्या पानाचा देठ लवचीक असतो, याचा ताठ आणि बारीक काट्यांचा. गुंडाळी पाण्याबाहेर वीतभर वर आली आणि मग उलगडली. खालची पानं आता मागे पडतील. जुनी पिवळी झालेली पानं काढताना देठ पाण्याच्या वर कापायचा, खाली नाही. देठ पोकळ नळ्यांचा आहे आणि नळ्या थेट खोडापर्यंत जातात. पाण्याखाली कापलं तर त्याच वाटेने पाणी आत शिरतं.

संध्याकाळी झारीने पानावर पाणी घातलं. थेंब पसरला नाही, गोळी होऊन घरंगळला आणि वाटेतली धूळ अंगावर घेऊन काठावरून खाली पडला. पान कोरडं ठणठणीत. पानाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाच्या अतिसूक्ष्म नळ्यांची लव. थेंब उंचवट्यांच्या माथ्यांवरच टेकतो, खाली हवा अडकलेली राहते. जर्मनीतल्या बॉन इथले वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी क्रिस्टोफ नाइनहुइस यांच्यासह १९९७ मध्ये याचा सविस्तर अभ्यास मांडला, आणि स्वतः स्वच्छ होणारे रंग आणि काचा बनवणाऱ्यांनी ती कल्पना उचलली. पानावरून बोट दाबून फिरवलं तर मेण पुसलं जातं, त्या रेघेवर थेंब चिकटतो. करून पाहिलं, पण एकाच पानावर.

आज सगळ्या टबांना खताची पहिली अर्धी मात्रा, मातीत खोल खोचून, खोडापासून लांब. खत पाण्यात विरघळू दिलं तर ते रोपाआधी शेवाळाच्या पोटात जातं.

२६ मे

मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे. उभ्या पानांच्या देठांवर आणि कोवळ्या गुंडाळ्यांवर काळपट थर. साबणाचं पाणी फवारणं हा नेहमीचा उपाय इथे टाळला, कारण साबण पानावरचं मेण घालवतो आणि माशांना मारतो. पाण्याची जोरदार धार मारली. मावा पाण्यात पडला, बाकीचं काम गप्पींनी केलं. दोन-तीन दिवसांआड पुन्हा मारावी लागेल.

वाळू मिसळलेल्या टबात वाढ कमी नाही, पण खोड उथळ पसरलंय आणि वारा आला की अख्खं रोप हलतं. निव्वळ चिकणमातीच बरी.

१५ जून

दुपारी कडक उन्हात एका मोठ्या पानाच्या मध्यभागी थोडं पाणी साचलेलं होतं. त्यातून बुडबुडे निघत होते, एकामागोमाग, न थांबता. देठ जिथे जोडलेला असतो तिथे पानाच्या मध्यावर फिकट चकती दिसते. तिच्यावर मोठी रंध्रं असतात. उन्हाने पान तापलं की आतल्या हवेचा दाब वाढतो, हवा देठातून खाली चिखलातल्या खोडापर्यंत ढकलली जाते आणि वापरून झालेली दुसऱ्या नळ्यांनी वर येऊन या चकतीतून सुटते. तळाच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतोच. तरीही खोड तिथे गुदमरत नाही, ते या व्यवस्थेमुळे. कंद, म्हणजे या खोडाचा फुगीर भाग, आडवा चिरल्यावर भोकं दिसतात ती याच हवेच्या वाटा.

पानं आता टबाच्या बाहेर झुकली आहेत. पाणी वाढवून पंधरा सेंटिमीटर केलं. उन्हात रोज आटतं, रोज भरायचं.

२ ऑगस्ट

एका टबात कळी. बाकीच्यांत फक्त पानं, आणि बीच्या रोपांकडून पहिल्या वर्षी तेवढीच अपेक्षा ठेवावी. फूल बहुधा दुसऱ्या वर्षी येतं. कळी उभ्या पानाच्या शेजारी त्याच पेरातून येते, आधी बोटाच्या पेराएवढी, मग रोज देठ वाढवत वर.

१७ ऑगस्ट

फूल पहाटे उमललं. एकेरी, पाकळ्यांची टोकं गुलाबी, बुडाकडे पांढरी.

पहिल्या दिवशी जेमतेम अर्धं उघडलं, वाटीसारखं. मधला पिवळा शंकू आणि त्याच्या माथ्यावर ओलसर चकाकणारे स्त्रीकेसरांचे ठिपके. पुंकेसर अजून मिटलेले. म्हणजे पहिला दिवस मादीचा. दुपारपर्यंत पाकळ्या पुन्हा मिटल्या. दुसऱ्या दिवशी पूर्ण उघडतं आणि पराग सुटतात. आदल्या दिवशी आत शिरून रात्रभर अडकलेला भुंगेरा अंगभर पराग घेऊन निघतो, तो पुढच्या मादी-फुलाकडे.

या फुलाची आणखी एक गंमत आहे. ते स्वतः गरम राहतं. रॉजर सेमूर आणि पॉल शुल्त्झे-मोटेल या संशोधकांनी ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड इथे मोजून १९९६ मध्ये दाखवलं की हवा १० अंशांवर असो की ३० वर, फूल आपलं तापमान साधारण ३० ते ३६ अंशांतच धरून ठेवतं, तेही दोन ते चार दिवस. बरीच उष्णता मधल्या शंकूतून येते. बारीक टोकाचा तापमापक शंकूला लावून पाहिला तेव्हा हवेपेक्षा पारा स्पष्ट वर चढला. गार पहाटे ऊबदार खोली मिळाली तर भुंगेरा कशाला बाहेर जाईल!

चौथ्या दिवशी पाकळ्या गळून टबात पडल्या.

२४ सप्टेंबर

शंकू हिरवा होऊन रुंदावला, वरचा माथा सपाट, त्यात खोबणी आणि प्रत्येक खोबणीत एक बी. सगळ्या खोबणी भरल्या नाहीत. एकटंच फूल होतं, परागीभवन अर्धंमुर्धंच झालं असणार.

एक कोवळी बी काढून सोलली. कवच अजून हिरवं, नखाने निघतं. आतला गर पांढरा, करकरीत, गोडसर. मधला हिरवा कोंब काढूनच खाल्ली. बाकीच्या तिथेच राहू दिल्या. शंकू तपकिरी होऊन खाली मान टाकेल, बिया खोबणीत सैल होऊन खुळखुळतील, तेव्हा त्या पेरण्याजोग्या. हिरव्या तोडलेल्या बिया साठवत नाहीत, त्या सुकून आकसतात.

शेवटचं खत ऑगस्टमध्येच दिलं होतं. आता देत नाही. रोपाने यापुढे पानं न काढता खाली साठा करावा.

१९ नोव्हेंबर

पानं पिवळी होऊन वाळताहेत. वाळलेले देठ पाण्याच्या वर कापले. टब रिकामे वाटतात, पण पाणी टिकवायचं. जिथे पाणी गोठतं तिथे खोड बर्फाच्या खाली राहील एवढी खोली लागते. खोडापर्यंत बर्फ पोहोचला की ते मेलं.

२० फेब्रुवारी

टब उपसले. माती बोटांनी बाजूला केली, फावडं किंवा खुरपं नाही. खोड टबाच्या कडेने गोल फिरत गेलेलं, बहुतेक सगळं बोटाएवढं बारीक, आणि शेवटच्या दोन-तीन पेरांतच फुगीर. टोकाचा कोंब फिकट पिवळा आणि भलताच ठिसूळ. हात लागून तो मोडला की तो कंद लावणीच्या कामाचा राहत नाही.

खाण्याच्या दृष्टीने पीक किरकोळ, त्यात नवल नाही. कमळाची वाणं फुलांसाठी, बियांसाठी आणि कंदासाठी अशी वेगवेगळी निवडलेली असतात. बागेतल्या शोभेच्या कमळाचं बी लावून जाडजूड कंदाची आशा धरणं व्यर्थ. कंदच खायचा असेल तर कंदाचं वाण, मोठा हौद आणि किमान तीस सेंटिमीटर चिखल हवा.

मोडलेले तुकडे धुऊन, सोलून, शिजवले. करकरीतपणा शिजल्यावरही राहतो, चिरल्यावर तार सुटते. पाण्यातली कोणतीही वनस्पती कच्ची खायची नाही. काही प्रदेशांत तळ्यातल्या कच्च्या भाज्यांवरून आतड्यातले चपटे कृमी माणसात येतात. आणि सांडपाणी मिसळणाऱ्या तळ्यातला कंद शिजवूनही नको, कारण कमळ पाण्यातले जड धातू ओढून साठवतं.

पुढच्या लावणीसाठी दोन पेरं आणि धड टोक असलेले कंद ओल्या मातीत गुंडाळून ठेवले. लावताना कंद आडवा, टबाच्या कडेला टेकवून, कोंबाचं टोक मध्याकडे आणि जरा खाली. मागची बाजू किंचित वर. वर पाच-सात सेंटिमीटर माती, कोंब उघडा. फुललेल्या टबातला कंद वेगळ्या टबात, खुणेची पाटी लावून. बाकीची रोपं आणखी एक हंगाम ठेवणार. त्यातही फुललं नाही तर टब रिकामा करून फुललेल्याच रोपाचे कंद तिथे लावायचे.